दुकानाचा डेटा: कुलूप फाईलला लावा, चावी मालकाकडे ठेवा

बिलिंग सॉफ्टवेअर उघडताना पासवर्ड विचारतं, म्हणजे आपला डेटा सेफ आहे, असं बरेच दुकानदार धरून चालतात. पण तो पासवर्ड म्हणजे फक्त दुकानाचं शटर. खरी तिजोरी म्हणजे मागे असलेली डेटाबेसची फाईल. ती कुणी पेन ड्राइव्हवर कॉपी करून नेली, तर शटरचा काय उपयोग?

आपल्या भिंगारमध्ये लष्करातल्या कुटुंबांची गिऱ्हाइकी मोठी. त्यांची नावं, मोबाईल नंबर, पत्ते, उधारी सगळं त्या फाईलमध्ये असतं. ते सांभाळणं आपली जबाबदारी आहे.

आधी तपासा

ओळखीच्या प्रोग्रामरकडून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाईल असते. तिची एक कॉपी ॲक्सेस असलेल्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक करून बघा. पासवर्ड न विचारता उघडली, तर कुलूपच नाही. फाईलच्या नावाशेवटी 'एमडीबी' असेल तर ती जुनी पद्धत. तिचा पासवर्ड सहज तोडता येतो. ॲक्सेस २००७ पासून 'एसीसीडीबी' आली. तिला पासवर्ड लावला की आतला डेटाही एन्क्रिप्ट होतो. जुनी फाईल असेल तर प्रोग्रामरकडून बदलून घ्या.

कुलूप कसं लावायचं

१. फाईलचा बॅकअप घ्या.
२. सगळ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बंद करा.
३. ॲक्सेसमध्ये फाईल, ओपन, ब्राउझ करून फाईल निवडा. 'ओपन' बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करून 'ओपन एक्सक्लुझिव्ह' घ्या. नाहीतर पासवर्ड लावता येत नाही.
४. फाईल, इन्फो, 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. पासवर्ड दोनदा टाका.

आता महत्त्वाचं. हा पासवर्ड सॉफ्टवेअरलाही माहीत पाहिजे, नाहीतर सकाळी बिलच निघणार नाही. म्हणून हे काम प्रोग्रामरला सोबत घेऊनच करा.

प्रोग्रामरकडे काय मागायचं

काही जण पासवर्ड थेट कोडमध्ये लिहून टाकतात, तोही सगळ्या दुकानांना एकच! मग एका दुकानातून फुटला की सगळ्यांचा फुटला. तुम्ही सॉफ्टवेअरमध्येच 'डेटाबेस पासवर्ड बदला' अशी स्क्रीन मागा, फक्त मालकाच्या लॉगिनला दिसणारी. तिने जुना पासवर्ड विचारावा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडी असेल तर थांबावं, बॅकअप घ्यावा, बदल करावा आणि नव्या पासवर्डने फाईल उघडून बघावी. ॲक्सेसमध्ये यासाठी 'न्यूपासवर्ड' नावाची सोय आहे, प्रोग्रामरला ती माहीत असते. कामगार सोडून गेला किंवा प्रोग्रामर बदलला, की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

दोन गोष्टी विसरू नका

पहिली: कुलूप लावायच्या आधीचा बॅकअप उघडाच असतो. नवीन फाईल नीट चालली आणि तिचा बॅकअप घेतला, की जुन्या उघड्या कॉपी पेन ड्राइव्हवरूनही डिलीट करा.

दुसरी: पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, काउंटरवर नाही. टॅली वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपा. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरलात, तर कंपनीसुद्धा तो परत काढून देऊ शकत नाही.

आजचा होमवर्क: आपली डेटाबेस फाईल नेमकी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते शोधा आणि तिला कुलूप आहे का बघा. सगळ्या स्टेप्स व्हिडिओत स्क्रीनवर दाखवल्यात. भेटू पुढच्या भागात!