डाळिंब आणि द्राक्ष : बारामती-इंदापूरच्या मातीतील दोन फळपिके

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, आणि तोही लहरी, ही येथील शेतीची मूळ अडचण होय. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामतीच्या बागाईत पट्ट्याचे रूप पालटले. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर त्याच्या जलाशयाचे पाणी इंदापूरच्या सीमेवर येऊन उभे राहिले. तरीही सुपे-मोरगावकडील जिराईत गावे आणि कालव्यालगतचे उसाचे फड यांत आजही मोठे अंतर आहे. थोड्या पाण्यावर चार पैसे अधिक देणारे पीक म्हणून या भागातील शेतकरी फळबागांकडे वळला, तो या परिस्थितीमुळेच.

फळबाग लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यापुढे येथे बहुधा पहिला प्रश्न उभा राहतो, तो डाळिंब लावावे की द्राक्ष, हा. त्याचे उत्तर पुष्कळदा शेजारच्या बागेस गेल्या हंगामात मिळालेल्या भावावरून ठरविले जाते. भाव दर वर्षी बदलतो. झाडाचा स्वभाव मात्र बदलत नाही. बाग एकदा उभी राहिली की ती दहा-पंधरा वर्षे सांभाळावयाची असते. म्हणून या दोन पिकांचा स्वभाव आधी समजून घेणे हिताचे ठरेल.

विश्रांतीचे दोन मार्ग

डाळिंब मूळचे इराण व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील, तर द्राक्षवेल पश्चिम आशियातील. त्या मुलखात कडक हिवाळा पडतो. पाने गळतात, झाड काही महिने निद्रिस्त राहते आणि वसंतात नवी पालवी व फुले घेऊन जागे होते. आपल्याकडे थंडी पडते, परंतु झाडास झोपविण्याइतकी ती तीव्र नसते व टिकतही नाही. परिणामी द्राक्षवेल येथे वर्षभर वाढत राहते आणि डाळिंबास बाराही महिने थोडीथोडी फुले येत राहतात. तिकडे जे काम हिवाळा करतो, ते येथे शेतकऱ्यास करावे लागते. डाळिंबास तो पाणी तोडून विश्रांती देतो, तर द्राक्षाचे चक्र कात्रीने फिरवितो. या दोन्ही पिकांच्या निगेतील बहुतेक फरक येथूनच सुरू होतात.

डाळिंब : पाण्याचा ताण आणि बहार

डाळिंबाचे आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असे तीन बहार असून त्यांपैकी वर्षातून एकच धरावयाचा असतो. त्यासाठी हलक्या जमिनीत साधारणपणे चार ते पाच आठवडे, तर मध्यम जमिनीत त्याहून अधिक काळ पाणी बंद ठेवतात. पाने पिवळी पडून गळू लागली की हलकी छाटणी करून खते देतात व पाणी सुरू करतात. फुलोऱ्यापासून फळ काढणीस येण्यास सुमारे सहा महिने लागतात.

बहाराची निवड पाण्यावर आणि रोगावर ठरते. आंबे बहारास ऐन उन्हाळ्यात पाणी लागते. मृग बहार पावसावर येतो, पण त्याच दमट दिवसांत तेल्या हा जीवाणूजन्य रोग बळावतो. हस्त बहारात रोगाचा जोर कमी असला, तरी परतीच्या पावसामुळे जमिनीस हवा तसा ताण बसत नाही. तेल्याने २००३ नंतरच्या काळात महाराष्ट्रातील कित्येक डाळिंब बागा उद्‌ध्वस्त केल्या. निरोगी रोपे, रोगट फांद्या व फळे वेचून नष्ट करणे आणि झाडास पुरेशी विश्रांती देणे हाच त्यावरील खरा उपाय आहे. फळे वाढीस लागल्यावर पाण्यात खंड पडून नंतर ते एकदम दिले, तर फळे तडकतात, हेही ध्यानात ठेवावे.

वाणांच्या बाबतीत पुणे परिसराचा या पिकाशी जुना संबंध आहे. गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदीच्या डाळिंबातून निवड केली. तीच पुढे ‘गणेश’ या नावाने राज्यभर पसरली. आज तिची जागा मुख्यत्वे केशरी-लाल रंगाच्या ‘भगवा’ या वाणाने घेतली आहे.

द्राक्ष : कात्रीचे वेळापत्रक

द्राक्षवेलीस मांडव अथवा वाय आकाराचा आधार लागतो. लोखंडी अँगल, तारा आणि ठिबक संच यांवरील खर्च पहिल्या घडापूर्वीच करावा लागतो. इंदापूर तालुक्यातील बोरीच्या परिसराने या पिकात नाव मिळविले आहे. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. दुसऱ्या छाटणीनंतर साधारण चार ते साडेचार महिन्यांत माल तयार होतो.

घड ऑक्टोबरनंतर दिसत असले, तरी त्यांची निर्मिती उन्हाळ्यातच होते. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काड्यांवरील डोळ्यांत घडाचा गर्भ तयार होतो. त्या काळात पाने दाटली, ढगाळ हवा राहिली, पाणी व नत्र अति झाले अथवा पाणी अगदीच तुटले, तर पुढील हंगामात घडांची संख्या घटते. फळ छाटणीनंतर पाऊस आला तर केवडा, पुढे कोरड्या थंड हवेत भुरी, असे रोगांचे सावट असते. औषधांचा वापर मात्र विचारपूर्वक हवा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे अडचणीत आली होती.

दुष्काळी वर्षाची कसोटी

या दोन पिकांतील सर्वांत मोठा फरक पाणी आटलेल्या वर्षी दिसतो. डाळिंबाचा एक बहार सोडून देता येतो. फळांचा भार नसलेले झाड थोड्या पाण्यावर तग धरते आणि पुढील वर्षी पुन्हा फळते. द्राक्षास ही सवलत नाही. खरड छाटणी नेमकी विहिरी तळ गाठतात त्या दिवसांत येते आणि तेव्हाची हेळसांड पुढच्या हंगामात भोवते. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यातील अनेक शेतकऱ्यांना बागा जगविण्यासाठी टँकरने पाणी आणावे लागले. म्हणून द्राक्ष लावण्यापूर्वी विहिरीतील दिवाळीचे पाणी पाहू नये, एप्रिल-मे महिन्यांतील पाणी मोजावे. अस्तरीकरण केलेले शेततळे, ठिबक आणि उसाच्या पाचटाचे आच्छादन या गोष्टींची तयारी आधी असावी.

जमीन

दोन्ही पिकांना निचरा हवा. मुरमाड, हलक्या जमिनीत डाळिंबास ताण चांगला बसतो. भारी काळ्या जमिनीत तो बसत नाही आणि पाणी साचून मर रोगास वाव मिळतो. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने तर खडकाळ माळावरच फळझाडांचे प्रयोग उभे केले. कालव्याच्या पाण्याने खारवट वा चोपण झालेल्या जमिनींत द्राक्षाची वेल स्वतःच्या मुळावर सहसा टिकत नाही. अशा ठिकाणी डॉगरिज, ११० आर यांसारख्या खुंटांवर कलम करण्याची पद्धत रूढ झाली आहे. डाळिंब क्षार काहीसे अधिक सोसते, परंतु चोपण जमीन त्यालाही मानवत नाही. माती व पाण्याची तपासणी करून घेतल्याविना खड्डे खोदू नयेत.

निवड कशी करावी?

जमीन हलकी, उन्हाळ्यातील पाणी बेताचे आणि भांडवल मर्यादित असेल, तर डाळिंब बरे. निचऱ्याची मध्यम जमीन, एप्रिल-मेमध्ये खात्रीचे पाणी, मांडवाचा खर्च झेपण्याची ताकद आणि वेळेवर मिळणारे कुशल मजूर या चारही गोष्टी असतील, तरच द्राक्षाचा विचार करावा. यांपैकी एकही गोष्ट उणी असेल, तर क्षेत्र कमी ठेवावे. कर्ज काढून मोठी बाग उभारू नये.

मार्गदर्शनासाठी फार दूर जावयास नको. द्राक्षासाठी मांजरी येथील, तर डाळिंबासाठी सोलापूर येथील राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बारामतीचे कृषि विज्ञान केंद्र आणि तालुका कृषि अधिकारी यांचे कार्यालय तर हाकेच्या अंतरावर आहे. फळपीक विम्यात सहभागी व्हावयाचे असल्यास आपल्या बहाराची अंतिम मुदत तेथेच विचारून घ्यावी. मुदत टळल्यावर आलेल्या गारपिटीस विमा उपयोगी पडत नाही.