चेंडू फेकणाऱ्या यंत्राचे चाडे



तिफणीचे चाडे आपण सर्वांनी पाहिले आहे. पेरणीच्या वेळी बाई मुठीतून थोडे थोडे बी चाड्यात सोडते. बी एकदम पडले तर एका जागी झुपका उगवतो आणि पुढे जागा मोकळी राहते. म्हणून पेरणाऱ्या बाईचा हात सारखा चालावा लागतो. असेच एक चाडे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला पाहिले. पण त्यातून बी नाही, चेंडू पडत होते! त्याची माहिती मी या पाठात देत आहे. पुढे माझी एक चूकही सांगणार आहे. ती मी घरी अजून सांगितलेली नाही.

खेळाची ओळख

माझी मामेबहीण नागपूरला आठवीत शिकते. मी तिला ताई म्हणते. ती सॉफ्टबॉल खेळते. नागपूर म्हटले की सर्वांना जामठ्याचे क्रिकेटचे मैदान आठवते. सॉफ्टबॉल आपल्या गावात कोणालाच माहीत नाही. पण आपल्या राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ आहे. १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकमध्येही मुलींचा सॉफ्टबॉल खेळला गेला.

हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात सुरू झाला. मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीने गुंडाळला आणि त्याचाच चेंडू केला. सॉफ्ट म्हणजे मऊ. पण मैत्रिणींनो, नावावर जाऊ नका! आताचा चेंडू मुळीच मऊ नसतो. त्याचा घेर सुमारे ३० सेंटिमीटर आणि वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम असते. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. म्हणजे हा चेंडू त्याच्याहून मोठा आणि जडही. आपल्या काटोलकडच्या मोठ्या संत्र्यापेक्षाही मोठा.

एका बाजूला नऊ खेळाडू असतात. चेंडू फेकणाऱ्या मुलीला पिचर म्हणतात. ती हात खालून फिरवून चेंडू फेकते. तो जमिनीवर टप्पा न खाता सरळ बॅटकडे येतो.

यंत्र कशासाठी?

बॅटने चेंडू मारायचा सराव करायचा तर कोणीतरी शंभर वेळा चेंडू फेकला पाहिजे. पिचरचा हात दुखून येतो. म्हणून यंत्र आले. पहिले यंत्र १८९७ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे गणिताचे शिक्षक चार्ल्स हिंटन यांनी बेसबॉलसाठी तयार केले. ते चक्क बंदुकीच्या दारूवर चालत असे! त्याच्या आवाजाने खेळाडू घाबरत.

आताचे यंत्र विजेवर चालते. तीन पायांच्या घोडीवर रबराची दोन चाके असतात. काही यंत्रांत एकच चाक असते. मोटर चाके जोरात फिरवते. दोन चाकांतली फट चेंडूपेक्षा थोडी कमी असते. चेंडू त्या फटीत गेला की चाके त्याला दाबून धरतात आणि पुढे भिरकावतात. उसाच्या चरकात ऊस कसा ओढला जातो, तसा चेंडू ओढला जातो. फरक एवढाच की चरक हळू फिरतो आणि ही चाके फार वेगाने फिरतात.

चाडे कसे काम करते?

नुसते यंत्र असेल तर एक माणूस त्याच्यापाशी उभा राहून एक-एक चेंडू आत सोडतो. ताईचे सर आधी असेच करत. एकटीला सराव करायचा असेल तर मग काय करणार? त्यासाठी यंत्रावर चेंडू सोडणारे उपकरण बसवतात. मामा ते पाहून म्हणाले, "अगं, हे तं तिफणीचं चाडं झालं!" तेव्हापासून आम्ही त्याला चाडेच म्हणतो.

त्यात जाड तारेची एक उतरती वाट असते. ती जिन्यासारखी गोल फिरत खाली येते. त्या वाटेवर चेंडू एकामागे एक रांगेत बसतात. खाली एक चकती असते. चकतीला एकच खाच असते. छोटी मोटर चकती हळूहळू फिरवते. खाच वर आली की एक चेंडू तिच्यात बसतो. खाच खाली गेली की तो चेंडू चाकांच्या फटीत पडतो. तोपर्यंत बाकीचे चेंडू थांबून राहतात. बाबांनी भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रातही अशीच खाचांची चकती होती. ती सोयाबीनचे दाणे एक-एक करून सोडत होती.

चेंडू लागोपाठ का सोडत नाहीत, असे मी सरांना विचारले. त्यांनी दोन कारणे सांगितली. एक चेंडू फेकला की चाकांचा वेग थोडा कमी होतो. तो पुन्हा भरून यायला वेळ लागतो. लगेच दुसरा चेंडू सोडला तर तो हळू जातो आणि आधीच खाली पडतो. दुसरे कारण असे की बॅट फिरवल्यावर मुलीला पुन्हा नीट उभे राहायचे असते.

वापरण्याची रीत

१. यंत्र सपाट जागेवर ठेवावे. घोडीचे पाय हलू नयेत.
२. चाड्याचे तोंड बरोबर चाकांच्या फटीसमोर येईल असे बसवून नट घट्ट आवळावेत.
३. सर्व चेंडू एकाच प्रकारचे आणि कोरडे असावेत. ओला चेंडू चाकात घसरतो. उसवलेला चेंडू वाकडा जातो.
४. आधी चाके सुरू करावीत. वेग भरू द्यावा. दोन-तीन चेंडू हाताने सोडून ते कुठे जातात ते पाहावे.
५. मगच चाडे सुरू करावे. बॅट धरणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हेल्मेट असावे. यंत्राच्या समोरून कोणीही जाऊ नये.
६. बंद करताना आधी चाडे आणि मग चाके बंद करावीत. चेंडू अडकला तर प्लग काढून, चाके पूर्ण थांबल्यावरच हात घालावा.

माझी चूक

रोज सकाळी सहा वाजता आम्ही मैदानावर जात होतो, कारण नंतर नागपूरचे ऊन सोसवत नाही. सरांनी मला चेंडू गोळा करण्याचे काम दिले होते. आठ दिवसांनी त्यांनी चाड्याचे बटणही दाबायला दिले. मला फार अभिमान वाटला.

एके दिवशी बारा चेंडू मारून झाले. मी चाडे बंद केले. सगळे चेंडू वेचून पुन्हा वरच्या तारेवर ठेवले. ताई वाकून बुटाची नाडी बांधत होती. मला वाटले, चेंडू वरून खाली यायला वेळ लागेल, तोवर ताई उभी राहील. मी बटण दाबले.

पण आधीच्या फेरीचा एक चेंडू चकतीच्या खाचेतच राहिला होता. तो मी मोजलाच नव्हता. माझ्या हाती अकरा आले होते आणि मी बारा समजले. खाचेतला चेंडू लगेच पडला आणि सणकन सुटला. मी "ताई!" म्हणून ओरडले. ताईने मान वर केली, पण चेंडू तिच्या नडगीवर बसलाच. पाय टम्म सुजला. चार दिवसांनी शिबिराचा सामना होता. ताई त्या सामन्यात खेळू शकली नाही. ती बाकावर बसून होती.

मला वाटले, सर आता मला हाकलून देतील. सर म्हणाले, "मी हाताने चेंडू सोडतो तेव्हा आधी वर करून दाखवतो. समोर कोण आहे ते पाहतो. हे चाडे पाहत नाही. त्याला डोळे नाहीत. म्हणून त्याचे डोळे तुला व्हायचे आहे." त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. बटण दाबणाऱ्याने आधी खाच पाहायची. मग मोठ्याने "चेंडू?" असे विचारायचे. बॅटवालीने "हो!" म्हटले तरच बटण दाबायचे.

ताईने मामा-मामींना माझे नाव सांगितले नाही. "चेंडू लागला" एवढेच म्हणाली. मीही गप्प राहिले. आज आई-बाबा हा कागद वाचतील. आई, बाबा, ते बटण मीच दाबले होते. पुढच्या सुट्टीत मामांनाही मी स्वतः सांगीन.

थोडे गणित

यंत्राचा चेंडू ताशी ७२ किलोमीटर वेगाने येतो असे समजा. गुरुजींनी फळ्यावर करून दाखवले की हा वेग सेकंदाला २० मीटर होतो. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून चेंडू फेकते. तेव्हा चेंडू पोहोचायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. "ताई" म्हणेपर्यंत तो आलेला असतो. मी ते पाहिले आहे.

करून पाहा

आपल्या शाळेत हे यंत्र नाही. पण चाडे करता येते. गोटी सहज घरंगळेल अशी हातभर नळी घ्या. ती तिरपी धरून तिच्यात गोट्या भरा. जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापा. तिच्या कडेला गोटी जाईल एवढी एकच खाच करा. चकतीच्या मधोमध खिळा घालून ती नळीच्या खालच्या तोंडाला टेकवा आणि सावकाश फिरवा. दर फेरीला एकच गोटी पडेल. दोन पडल्या तर खाच मोठी झाली असे समजा.

प्रश्न

१. चाड्यात १२ चेंडू आहेत. दर १० सेकंदांनी एक चेंडू पडतो. पहिला चेंडू पडल्यापासून शेवटचा पडेपर्यंत किती वेळ लागेल? (१२० सेकंद लिहाल तर चुकाल.)
२. ओला चेंडू का वापरू नये?
३. बटण दाबण्यापूर्वी कोणत्या दोन गोष्टी कराल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी पाठ करावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी