आधी थिनर विचार, मग क्लिअर मार

अगं, मिग-२१चं मॉडेल रंगवून झालंय, रंगही छान बसलाय, आणि तू नुसती त्याच्याकडे बघत बसली आहेस! वरून पारदर्शक क्लिअर कोट मारायला हात धजावत नाही, हो ना? एका फवाऱ्यात सगळा रंग सुरकुतला तर? खरं सांगू का, ही भीती अगदीच खोटी नाही. पण रंग बिघडतो तो बहुतेक वेळा खालच्या रंगाचं आणि वरच्या क्लिअरचं पटत नाही म्हणून, तुझा हात वाईट आहे म्हणून नाही. आणि कुणाचं कुणाशी पटतं, ते आधीच ओळखता येतं.

बाटलीवरच्या नावावर जाऊ नकोस, ती कशाने पातळ होते ते बघ. व्हॅलेहोचे रंग पाण्याचे. तामियाचे एक्स आणि एक्सएफ हेही अ‍ॅक्रिलिकच, पण त्यांच्या थिनरमध्ये अल्कोहोल असतं. हंब्रॉलच्या इवल्या डबीतलं इनॅमल टर्पेंटाइनने पातळ होतं. मिस्टर कलर आणि तामियाचे टीएस स्प्रे हे लॅकर, त्यांचं थिनर सगळ्यांत जहाल. आता गंमत बघ, मिस्टर कलरमध्येही अ‍ॅक्रिलिकच असतं, फक्त लॅकरच्या थिनरमध्ये विरघळवलेलं. तेव्हा ‘अ‍ॅक्रिलिक’ वाचलं की लगेच हुरळून जायचं नाही.

नियम एकच: मवाळ रंगावर जहाल क्लिअर ओतायचं नाही. खाली लॅकर नीट वाळलेलं असेल तर वर अ‍ॅक्रिलिक किंवा इनॅमल काहीही चालतं. खाली इनॅमल आणि वर लॅकर म्हणजे सुरकुत्यांना आमंत्रण. खाली अ‍ॅक्रिलिक असेल तर वर लॅकर मारणारे मारतात, पण अगदी विरळ थर देत, जपून. तू पहिल्यांदाच करते आहेस, तर मुकाट्याने पाण्याचं अ‍ॅक्रिलिक क्लिअर घे. ते पूर्ण वाळलेल्या कुठल्याही रंगावर सहसा निमूट बसतं.

‘पूर्ण वाळलेला’ म्हणजे बोटाला न चिकटणारा नव्हे हं! इनॅमलला कित्येक दिवस लागतात. नाक जवळ नेऊन बघ, वास येतोय तोवर थांब.

आणि विमानावर प्रयोग नको. प्लॅस्टिकचे चमचे २०२२ पासून बंद झाले, तरी तुझ्या ड्रॉवरच्या तळाशी एखादा सापडेलच. नसेल तर किटच्या चौकटीचा उरलेला तुकडा घे. त्यावर तोच रंग, तेवढेच दिवस वाळवून, मग तेच क्लिअर. एक रात्र जाऊ दे. सकाळी नखाने हलकेच खरवड. तडा नाही, चिकटपणा नाही, तर विमान बाहेर काढ.

आता क्रम. आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत क्लिअर, मग डिकल, म्हणजे खुणांची चिकटचित्रं. मॅट रंग खरखरीत असतो, डिकलखाली हवा अडकते आणि तिरंगी वर्तुळाच्या कडेने चंदेरी चकाकी दिसत राहते. डिकल वाळले की वर पुन्हा ग्लॉसचा पातळ हात. मग पॅनलच्या रेघांत इनॅमलचा वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, सोड. खाली अ‍ॅक्रिलिक ग्लॉस नीट वाळलेला असला, की टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीने जादा वॉश पुसता येतो आणि रंगाला धक्का लागत नाही. बघ, ज्या भानगडीला तू घाबरत होतीस, तीच इथे कामाला आली. सगळ्यात शेवटी मॅट.

मॅटची बाटली तळापासून ढवळ गं! चमक मारणारी पूड खाली बसते. मी एकदा आळस केला, पंखांवर पांढरे ढग उमटले, आणि ‘हे लेहला उतरलेलं विमान आहे’ म्हणून खपवलं. कुणी विश्वास ठेवला नाही. कॉकपिटची काच मात्र मॅट मारण्याआधी झाक, नाहीतर धुरकट होईल.

फवारताना वीतभर लांबून, हात सतत चालता ठेवून. पहिला थर नुसता धुक्याइतका, थोडं थांबून पुढचा. डिकलवर टीएस-१३सारखं लॅकर क्लिअर ओलंचिंब मारलंस तर डिकल गोळा झालेच म्हणून समज. पावसाळ्यात तर लॅकर काढूच नकोस, हवेतला ओलावा थरात अडकून पांढुरका पडदा येतो. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवाही नको. कापडी मास्कने भागत नाही, थिनरची वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क घे.

इतकं करूनही कुठे सुरकुती आलीच, तर फडक्याने पुसायला धावू नकोस. काही दिवस कडक वाळू दे, २००० नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासून घे आणि तेवढाच भाग पुन्हा रंगव. मॉडेल फेकून द्यावं लागत नाही, तुला जमेल ते.

चल, आज चमच्यावर रंग लाव. आणि मॅट छान बसल्यावर ‘अजून एकच हात’ असं वाटलं, तर बाटली खाली ठेव आणि आधी मला फोन कर.