दैव आणि पुरुषार्थ

(गीताभ्यास : अध्याय अठरावा)

जे व्हावयाचे ते होणारच, असे म्हणून हातपाय गाळणारे आणि मी योजीन तेच होईल, असे मानणारे, अशी दोन्ही माणसे बहुधा प्रत्येक कुटुंबात आढळतात. आपल्या आयुष्यावर आपली सत्ता किती, हाच दोघांमधील वादाचा प्रश्न होय. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याचा निवाडा केलेला आहे.

भगवंत सांगतात की, कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारची खटपट आणि पाचवे दैव. भातशेतीचेच उदाहरण घ्यावे. जमीन हे अधिष्ठान, शेतकरी कर्ता, नांगर, बैल व बियाणे ही साधने, नांगरट, लावणी व राखण ही खटपट, आणि पाऊस हे दैव. केवळ मीच कर्ता असे समजणाऱ्यास भगवंतांनी अजाण म्हटले आहे, कारण पाऊस त्याच्या हाती नाही. परंतु बांध फुटू दिला आणि राखण केली नाही, तर त्या नुकसानीचे खापर पावसावर फोडता येत नाही. दैव हे पाचांतील एक कारण आहे. पाचही कारणे म्हणजे दैव नव्हे.

आता आपल्या जोयडा तालुक्याकडे पाहू. दिग्गीजवळ उगम पावून कारवारपाशी समुद्रास मिळणाऱ्या काळी नदीवर, गणेशगुडी येथे 101 मीटर उंचीचे धरण 1987 साली पुरे झाले. तालुक्याचे जुने ठाणे सुपा आणि भोवतालची गावे जलाशयाखाली गेली. ठाणे जोयड्यास आले. अनेक कुटुंबांनी रामनगरास नवे संसार मांडले. ज्याचे घर व शेत पाण्याखाली गेले, त्याने हे आपले नशीब म्हटले, तर त्यास कोण दोष देईल? तथापि विचार केला पाहिजे. पाऊस आभाळातून येतो. धरण आभाळातून येत नाही. ते माणसांनी ठरविले आणि माणसांनीच बांधले.

यावरून ध्यानात येते की, ज्यास एकजण दैव म्हणतो, ते पुष्कळदा दुसऱ्या कोणाचे कर्म असते. म्हणून ज्याच्या शब्दावर इतरांचे जीवन अवलंबून आहे, मग तो अधिकारी असो, घरातील कर्ता पुरुष असो की देवस्थानाचा विश्वस्त असो, त्याने निर्णय घेताना दुप्पट जपले पाहिजे. आणि ज्याचे नुकसान झाले, त्याने हक्काची जमीन वा भरपाई मागणे यात श्रद्धेचा भंग मुळीच नाही. तीही चौथ्या कारणात मोडणारी खटपटच आहे.

मग जेथे काहीच उपाय उरत नाही, तेथे काय करावे? लोकमान्य टिळकांना 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेचा तुरुंग त्यांनी निवडलेला नव्हता. 1912 साली त्यांच्या पत्नी निवर्तल्या, तेव्हाही ते तेथेच होते. परंतु त्याच तुरुंगात, 1910-11 च्या हिवाळ्यात, त्यांनी गीतारहस्य लिहिले. ते 1915 साली प्रसिद्ध झाले. त्यातील दहावे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य याच विषयावर आहे. शिक्षेची मुदत दुसऱ्यांनी ठरविली. त्या दिवसांचा उपयोग मात्र टिळकांनी ठरविला. इतके स्वातंत्र्य दुःखातही शिल्लक राहते. ते थोडे वाटले, तरी त्यातूनच माणसाचे पुढचे आयुष्य घडते.

गीतेच्या अखेरीस भगवंत अर्जुनास आज्ञा करून मोकळे होत नाहीत. सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर, असे ते म्हणतात. मनुष्य केवळ दैवाच्या हातचे बाहुले असता, तर या सांगण्यास काही अर्थच उरला नसता.

सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर घरातील लहानथोरांनी तीन प्रश्नांचे मनन करावे. आज जे साधले नाही, त्यात पहिल्या चार कारणांपैकी कोणते उणे पडले? ज्यास मी दैव म्हटले, ते खरोखर दैव होते की कोणाचा निर्णय? आणि माझे कोणते वागणे आज दुसऱ्याचे दैव होऊन बसले? उत्तरे मिळतील, त्याप्रमाणे उद्याचे काम सुधारावे; आणि त्यापलीकडे जे उरेल, ते निश्चिंत मनाने श्रीचरणी अर्पण करावे.