मोबाईलवरील वॉकी-टॉकी : सोय कीं शोभा?

आपला शब्द दूर पोहोंचविण्यासाठीं मनुष्यानें आजवर जीं साधनें निर्माण केलीं, त्यांतील प्रत्येकाचा एक विशिष्ट गुण आहे, व त्या गुणावरूनच त्याचें योग्य स्थान ठरतें. तुतारी, तार, दूरध्वनि, आकाशवाणी हीं सर्व संदेशाचींच साधनें. परंतु तुतारीचें काम तारेनें होत नाहीं व तारेचें काम आकाशवाणीनें होत नाहीं. मोबाईल दूरध्वनीवर आतां वॉकी-टॉकीचीहि सोय मिळते. कळ दाबावी, बोलावें व कळ सोडावी, कीं पलीकडील यंत्रांतून आपला आवाज आपोआप बाहेर पडतो. ऐकणारास कांहीं उचलावें लागत नाहीं. विद्यार्थ्यांस ही मोठी गंमत वाटते, आणि सहलीस किंवा गडावर जाणाऱ्या मुलांच्या पालकांस ती सुरक्षिततेची हमी वाटते. गंमत आहे हें खरें. पण हमीहि खरी आहे काय? या प्रश्नाचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ वस्तु पाहूं. हातीं किंवा पाठीवर नेण्याजोगें बिनतारी बोलयंत्र कॅनडांतील डोनाल्ड हिंग्ज यांनीं १९३७ सालीं तयार केलें, व पुढील वर्षीं अमेरिकेंत आल्फ्रेड ग्रॉस यांनींहि तसें एक यंत्र बनविलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या गॅल्व्हिन कंपनीनें (हीच पुढें मोटोरोला या नांवानें प्रसिद्ध झाली) सैन्यास अशीं दोन प्रकारचीं यंत्रें पुरविलीं. एक पाठीवर वाहावयाचें. त्याचें वजन सुमारें १६ किलोग्रॅम व पल्ला सुमारें ५ किलोमीटर. दुसरें हातांत धरावयाचें. त्याचें वजन सव्वादोन किलोग्रॅमच्या आसपास व जमिनीवरील पल्ला सुमारें दीड किलोमीटर. वॉकी-टॉकी, म्हणजे चालतां चालतां बोलण्याचें यंत्र, हें नांव त्याच काळांत रूढ झालें.

या यंत्राचे गुण तीन. पहिला असा कीं, त्यास मध्यस्थ लागत नाहीं. एका यंत्रांतून निघालेल्या विद्युल्लहरी थेट दुसऱ्या यंत्रांत शिरतात. पोलीसदलाचीं यंत्रें पुष्कळदां उंच जागीं बसविलेल्या साहाय्यक यंत्राचा आधार घेतात खरीं, पण तो आधार तुटला तरी जवळच्या जवळ तीं एकमेकांशीं बोलूं शकतात. दुसरा गुण असा कीं, तें तत्काळ बोलतें व एकाच वेळीं सर्व गटाशीं बोलतें. तिसरा गुण शिस्तीचा. कळ दाबलेली असतां यंत्र केवळ बोलतें, सोडली असतां केवळ ऐकतें; म्हणून एक बोलत असतांना इतरांस थांबावेंच लागतें, आणि आपलें बोलणें संपलें हें कळविण्यासाठीं बोलणारास शेवटीं ‘ओव्हर’ असें म्हणावें लागतें.

आतां मोबाईलकडे वळूं. एकाच वर्गांत शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन विद्यार्थ्यांनीं मोबाईलवरील वॉकी-टॉकीची कळ दाबून संभाषण केलें, तर त्यांचा आवाज कोणत्या मार्गानें जातो? एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत तो मुळींच जात नाहीं. तो प्रथम मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याकडे जातो. तेथून तारांच्या जाळ्यांतून तो एखाद्या दूरच्या शहरांतील संगणकापर्यंत पोहोंचतो. बोलण्याची पाळी कोणाची हें तो संगणक ठरवितो, आवाजाच्या प्रती करून गटांतील प्रत्येकाकडे पाठवितो, आणि मग त्या मनोऱ्यामार्गें परत येऊन शेजारच्या बांकावर पोहोंचतात. म्हणजे तीन गुणांपैकीं दुसरा व तिसरा गुण मोबाईलनें उचलला. पहिला त्याच्यांत नाहीं. याच्या मोबदल्यांत एक मोठा लाभ झाला, हेंहि कबूल केलें पाहिजे. मनोऱ्यांचें जाळें जेथवर आहे तेथवर या कळीचा पल्ला आहे. रत्नागिरीहून नागपूरपर्यंत एका कळीनें बोलतां येतें. हा लाभ व ती उणीव हीं दोन्हीं ध्यानांत ठेवलीं, तर पुढील सर्व इतिहासाचा उलगडा होतो.

ही सोय लोकप्रिय करण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील नेक्स्टेल या कंपनीस दिलें जातें. १९९० नंतरच्या दशकांत तिनें मोटोरोलाच्या पद्धतीवर ही सेवा चालविली. इमारतींचे मुकादम, मालमोटारींचे चालक, दुरुस्तीस हिंडणारे कारागीर यांनीं ती उचलून धरली. आणि याचें कारण साधें आहे. मुकादमास चौथ्या मजल्यावरील गवंड्यास ‘सळया आल्या, खालीं या’ एवढेंच सांगावयाचें असतें. सामान्य दूरध्वनीनें सांगावयाचें तर क्रमांक लावा, घंटा वाजूं द्या, त्यानें हात पुसून यंत्र उचलण्याची वाट पाहा, मग ‘हॅलो’ म्हणा. काम दोन सेकंदांचें व सोपस्कार अर्ध्या मिनिटाचा! तोच निरोप नऊ जणांस द्यावयाचा झाल्यास साडेचार मिनिटें जातील. कळ दाबून मात्र नवांनाहि एकदांच सांगतां येतो.

नेक्स्टेलचें यश पाहून इतर कंपन्याहि पुढें सरसावल्या. अमेरिकेंत व्हेरायझन व स्प्रिंट यांनीं २००३ सालीं अशीच सेवा काढली. जपानांत डोकोमो कंपनीनें २००५ सालीं काढली. पण सर्वसामान्य ग्राहकानें तिला आपली म्हटलें नाहीं. डोकोमोनें आपली सेवा २०१० सालीं बंद केली. नेक्स्टेल २००५ सालीं स्प्रिंटमध्यें विलीन झाली होती. तिचें जुनें जाळें ३० जून २०१३ रोजीं बंद करण्यांत आलें.

असें कां झालें? कारणें पाहण्यासारखीं आहेत. एका कंपनीच्या ग्राहकाची कळ सहसा दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकापर्यंत पोहोंचत नसे. नवीन सेवांपैकीं कांहींत कळ दाबल्यावर आवाज पोहोंचण्यास कांहीं सेकंद लागत. आणि तत्काळपणा हाच ज्या साधनाचा प्राण, त्यांत विलंब शिरला म्हणजे उरलें काय? परंतु सर्वांत मोठें कारण मनुष्यस्वभावांत आहे. मुकादम व गवंडी एकाच कामांत गुंतलेले असतात. एकाचा शब्द दुसऱ्यास केव्हांहि ऐकावयाचाच असतो. दोन मित्रांचें तसें नसतें. एक आगगाडींत असेल, दुसरा रुग्णाच्या उशाशीं बसलेला असेल, तिसरा प्रार्थनेंत असेल. अशा वेळीं खिशांतून अकस्मात् कोणाचा तरी आवाज बाहेर पडणें ही सोय नव्हे, आगंतुकपणा होय. ऑगस्ट २०१३ मध्यें व्हॉट्सॲपनें आवाजाचा निरोप पाठविण्याची सोय काढली. ती मात्र लोकांनीं चटकन् स्वीकारली. तो निरोपहि कळ दाबूनच बोलावयाचा, पण तो ऐकणाराच्या सवडीची वाट पाहतो. दोन कळींमधील हा भेद लहान नाहीं.

आगंतुकपणाची दुसरीहि एक बाजू आहे. दुसऱ्याचें यंत्र दुरून बोलकें करतां येतें, तर तें दुरून ऐकतेंहि करतां येईल काय, असा संशय कोणासहि यावा. ॲपल कंपनीनें २०१८ सालीं आपल्या मनगटी घड्याळांत वॉकी-टॉकी घातली. जुलै २०१९ मध्यें तींत असा दोष आढळला कीं, विशिष्ट परिस्थितींत दुसऱ्याच्या आयफोनमधून त्याच्या संमतीवांचून ऐकतां येणें शक्य होतें. कंपनीनें ती सोय तात्पुरती थांबविली व दुरुस्ती करून पुन्हा चालू केली. जी सोय उत्तर देणाराची अनुमति न विचारतां उघडते, तिला कुलूप अधिक चांगलें लागतें, हा यांतील बोध.

येथवरचा विचार सोयीचा झाला. आतां प्राणांचा प्रश्न येतो. २०१७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेच्या प्रदेशांवर तीन चक्रीवादळें लागोपाठ आदळलीं. पहिलें हार्वे, त्यानें टेक्ससमधील ह्यूस्टन शहर जलमय केलें. तेथें आपापल्या होड्या घेऊन आलेल्या स्वयंसेवकांनीं झेलो नांवाच्या मोबाईल वॉकी-टॉकीवरून परस्परांस संकटग्रस्तांचे पत्ते कळविले व पुष्कळांस सोडविलें. ही वार्ता पसरली. दुसरें वादळ इर्मा फ्लोरिडाकडे येऊं लागतांच असंख्य लोकांनीं ही वॉकी-टॉकी आपल्या मोबाईलवर उतरवून घेतली. इतकेंच नव्हे, तर मोबाईलचें जाळें बंद पडलें तरी ती चालते अशी समजूतहि फैलावली. शेवटीं त्या कंपनीसच जाहीर करावें लागलें कीं, इंटरनेटवांचून आमची सेवा चालत नाहीं. तिसरें वादळ मारिया पोर्टो रिको बेटावर आदळलें व तेथील सुमारें ९५ टक्के मोबाईल मनोरे निकामी झाले. ह्यूस्टनमध्यें कळ उपयोगी पडली, कारण तेथील बहुतेक मनोरे उभे होते. पोर्टो रिकोंत मनोरेच गेल्यावर कळ दाबून कोणास हांक मारणार?

आपल्याकडील अनुभवहि हेंच सांगतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशीं शहराच्या अनेक भागांत दूरध्वनि व मोबाईल सेवा बंद पडली. हजारों मुलें व नोकरदार घराबाहेर अडकले आणि घरच्यांस त्यांचा ठावठिकाणा कळेना. अशा प्रसंगीं मोबाईलवरील वॉकी-टॉकीनें निराळें कांहीं केलें नसतें, कारण दोहोंचा मार्ग एकच. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतहि तीच गोष्ट. जेथें मोबाईलवर बोलतां येत नाहीं, तेथें त्याच मोबाईलच्या वॉकी-टॉकीवरहि बोलतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, मोबाईलनें मनोऱ्यास वगळून थेट दुसऱ्या मोबाईलशीं बोलावें. त्यांत अडचण ती काय? अडचण शक्तीची आहे. चौथ्या पिढीच्या सामान्य मोबाईलची प्रक्षेपणशक्ति जास्तींत जास्त सुमारें ०.२ वॅट असते. व्यावसायिक वॉकी-टॉकी यंत्राची ४ ते ५ वॅट, म्हणजे वीसपट किंवा त्याहून अधिक. मोबाईलचा आवाज जात्याच कुजबुजीचा. मनोऱ्याचा कान तीक्ष्ण व जागा उंच म्हणून ती कुजबूज दूरवर ऐकूं जाते. हें ओळखूनच जगांतील तज्ज्ञ या सोयीस भक्कम करण्याच्या मागें आहेत. २०१६ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, संकटकार्यासाठीं असलेल्या अशा सेवेंत कळ दाबल्यापासून बोलण्याची परवानगी मिळेपर्यंत १०० पैकीं ९५ वेळां ३०० मिलिसेकंदांहून कमी वेळ लागला पाहिजे. दक्षिण कोरियांत २०१४ सालीं सेवोल ही बोट बुडून ३०४ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर तेथील सरकारनें पोलीस, अग्निशामक व तटरक्षक दलांसाठीं एक स्वतंत्र जाळें उभारण्याचें ठरविलें, व २०२१ सालीं तें देशभर चालू केलें. यावरून ध्यानांत येईल कीं, विश्वास कळीवर ठेवावयाचा नसून तिच्यामागील जाळ्यावर ठेवावयाचा असतो.

तर मग ही सोय घ्यावी कीं न घ्यावी? आमचें मत असें कीं, ती गटाच्या कामास उत्तम, दोघांच्या गप्पांस अनावश्यक, आणि संकटांतील एकमेव आधार म्हणून अपात्र होय. शाळेची सहल दोन बसगाड्यांतून निघाली असतां दोन्ही गाड्यांतील शिक्षकांनीं, किंवा क्रीडामहोत्सवाच्या दिवशीं मैदानाच्या चार कोपऱ्यांवरील पंचांनीं तिचा अवश्य उपयोग करावा. मात्र निघण्यापूर्वीं कोण कोणत्या गटांत आहे व प्रथम कोणी बोलावयाचें हें ठरवावें. बोलणें थोडकें ठेवावें. आणि ज्याचें यंत्र आपण बोलकें करणार, त्याची अनुमति आधीं घ्यावी.

गडावर किंवा रानांत जाणाऱ्या तुकडीनें याखेरीज खऱ्या वॉकी-टॉकीचा विचार करावा. भारतांत २०१८ च्या नियमांप्रमाणें ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील अल्पशक्तीचीं यंत्रें परवान्यावांचून वापरतां येतात. इतर बहुतेक पट्ट्यांस परवाना लागतो. बाजारांत दोन्ही प्रकार मिसळलेले आढळल्यामुळें मे २०२५ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास इंटरनेटवरील विक्रीसाठीं स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. म्हणून पालकांनीं खरेदीपूर्वीं यंत्राचा पट्टा अवश्य तपासावा. आणि हेंहि यंत्र डोंगराच्या आड गेल्यावर मुकें होतें. यास्तव कोणत्या वाटेनें जाणार, किती वाजतां परतणार, व न परतल्यास कोणी कोणास कळवावयाचें, हें एका कागदावर लिहून घरीं ठेवण्याची जुनी रीत सोडूं नये. त्या कागदास बॅटरी लागत नाहीं व मनोराहि लागत नाहीं.