बांधकामाचा गाळ सीनेत जाऊ नये म्हणून: खर्च किती येतो?

नगरमध्ये सावेडी, केडगाव, बोल्हेगावकडे घर बांधायला काढलं, की वाळू-खडीचा ढीग रस्त्याच्या कडेलाच पडतो. मृगाची एक जोरदार सर आली की त्यातली कच गटारात, गटारातून ओढ्यात आणि तिथून सीना नदीत जाते. सोबत सिमेंटचं पाणी, रंग, सांडलेलं ऑइल असतंच. गटार तुंबलं तर तेच पाणी शेजाऱ्याच्या दारात. खाली निमगाव गांगर्ड्याला याच सीनेवर धरण आहे.

खाली दिलेले आकडे ढोबळ आहेत. दुकानात आणि ठेकेदाराकडे दर पडताळूनच घ्या.

पहिला खर्च ढीग झाकायच्या ताडपत्रीचा. 18 बाय 24 फुटांची साधी प्लास्टिकची दोन-तीन हजारांत येते. प्लॉटच्या उताराकडच्या कडेला मुरूम भरलेल्या गोण्यांचे दोन थर लावा. रिकामी गोणी दहा-वीस रुपयांना मिळते, पंचवीस-तीस पुरतात. पाणी तिथे अडतं, गाळ खाली बसतो. सर ओसरली की तो फावड्याने उचलून आवारातच पसरायचा. एवढ्या कमी पैशात याहून जास्त गाळ अडवणारा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही, आणि बहुतेक साइटवर नेमका हाच नसतो.

घर उभं राहिल्यावर छताकडे वळा. नगरला वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून सुमारे 40 हजार लिटर पाणी मिळतं. चार इंची पाइप, क्लॅम्प, प्लंबरची मजुरी मिळून सहा ते बारा हजार. तयार फिल्टरचे चार-आठ हजार वेगळे. पहिल्या पावसाचं दोनशे लिटर पाणी व्हॉल्व्हने बाहेर सोडा, स्लॅबवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच असते.

हे पाणी जमिनीत जिरवायच्या चार बाय चार फुटी, सहा फूट खोल शोषखड्ड्याला दगड, खडी, वाळूसकट दहा ते अठरा हजार लागतात. खडक लागला तर ब्रेकरचं भाडं वर. काळ्या मातीत खड्डा संपवू नका, पाणी तुंबून राहतं. मुरूम लागेपर्यंत खाली जा.

बोअरमध्ये फक्त छताचं, गाळलेलं पाणी सोडा. पार्किंगचं ऑइलमिश्रित पाणी बोअरमध्ये गेलं तर आजूबाजूच्या विहिरींपर्यंत पोचू शकतं. त्या पाण्यासाठी कंपाउंडच्या कडेने दोन फूट माती मोकळी ठेवून गवत लावा. सगळं अंगण काँक्रीट करण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार गावठाणाबाहेर 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. कोटेशनमध्ये या कामाची रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्या, खड्ड्याची खोली आणि पाइपचा व्यासही. दर मे महिन्यात स्लॅब झाडून घ्यायला, फिल्टर धुवायला आणि खड्ड्यातला वरचा वाळूचा थर बदलायला हजार-दोन हजार बाजूला ठेवा.