पाण्यात वाट काढणारी गोळी

18 फेब्रुवारी 1991 रोजी, आखाती युद्ध चालू असताना, ‘ट्रिपोली’ ही अमेरिकी युद्धनौका इराणच्या आखातात पाणसुरुंगावर आदळली. तिच्या पाण्याखालच्या भागाला भलेमोठे भगदाड पडले. दैवाचा खेळ असा, की पाणसुरुंग काढणारी हेलिकॉप्टरे याच नौकेवर होती! काही तासांतच ‘प्रिन्स्टन’ या दुसऱ्या नौकेलाही सुरुंगाचा तडाखा बसला.

या कामी हेलिकॉप्टर सोयीचे, कारण ते पाण्याला शिवत नाही. 1973 मध्ये व्हिएतनामच्या हायफाँग बंदराजवळ हेलिकॉप्टरांनी चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे तराफे पाण्यातून ओढले होते. पण हे काम संथ. पृष्ठभागाजवळचा सुरुंग वरूनच तोफेने उडवला तर? या विचारातून अमेरिकी नौदलाने एमएच-60 एस हेलिकॉप्टरवर 30 मिलिमीटरची तोफ बसवण्याची ‘रॅमिक्स’ ही योजना आखली.

वाटते तितके हे सोपे नाही. पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट. विरोधही त्याच प्रमाणात वाढतो. बंदुकीची साधी टोकदार गोळी पाण्यात शिरताच कोलांट्या खाते, कित्येकदा फुटते आणि जेमतेम एखादा मीटर जाते. हवेत तिला स्थिर ठेवणारी गिरकी पाण्यात अपुरी पडते.

यावरचा उपाय ऐकून तुम्ही चकित व्हाल. गोळीचे नाक टोकदार नव्हे, चपटे करायचे! चपटे नाक पाणी जोराने बाजूला फेकते. नाकाच्या कडेशी वेग वाढतो आणि बर्नोलीच्या नियमाप्रमाणे दाब घटतो. 25 अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे एक तीसांश असतो. दाब त्याखाली गेला की थंड पाणीच ‘उकळते’ आणि गोळीभोवती बाष्पाचा लांबट बुडबुडा तयार होतो. आता पाण्याला भिडते ते फक्त नाक. बाकीची गोळी बुडबुड्यातून कोरडीच धावते.

दुसरी अडचण नेमाची. सुरुंग हुडकायचा तो निळ्या-हिरव्या लेसर प्रकाशाने, कारण तांबडा प्रकाश पाणी लवकर शोषते. परंतु वक्रीभवनामुळे सुरुंग दिसतो तेथे नसतो. समजा, तो 5 मीटर खोल आहे आणि आपण लंबाशी 45 अंशांचा कोन करून पाहत आहोत. वक्रीभवनांक 1.33 धरला, तर पाण्यात किरणाचा लंबाशी कोन सुमारे 32 अंश येतो. म्हणजे किरण पाण्यात शिरतो त्या जागेपासून सुरुंग आडव्या दिशेत 3.1 मीटरवर आहे. गोळी मात्र किरणासारखी वळत नाही. ती सरळ गेली, तर तेवढ्या खोलीवर 5 मीटर पुढे पोहोचेल. जवळजवळ दोन मीटरची चूक! (गणित स्वतः करून पाहा; माझ्या वर्गात पुष्कळजण लंबाऐवजी पृष्ठभागाशी कोन मोजतात.) म्हणून तोफ दिसणाऱ्या सुरुंगाच्या अलीकडे रोखावी लागते.

तळाशी पडलेल्या सुरुंगांपुढे ही तोफ निरुपयोगीच होती. 2010 नंतर नौदलाने ही योजना सोडली आणि हेलिकॉप्टरमधून पाण्यात सोडायचे, तारेने चालवायचे छोटे यान पत्करले. ते सुरुंगाजवळ जाऊन स्वतःसह त्याला उडवते. त्याचे नाव ‘आर्चरफिश’, म्हणजे तिरंदाज मासा. खरा तिरंदाज मासा पाण्यातून चूळ मारून झुडपावरचा किडा पाडतो. वक्रीभवनाचा हिशेब त्यालाही चुकत नाही. त्याच्या नावाच्या यानाला मात्र तो करावाच लागत नाही, कारण ते सुरुंगाबरोबर पाण्यातच असते.